उलट्या देठाचं डाळिंब

१

सांडू हिवराळे चोर निघाला, ही बातमी उस्मानपुऱ्यात त्याच्या मरणाच्या बातमीआधी पोचली. माणूस गेला हे सांगताना लोकांची जीभ जड होते. चोर होता म्हणताना बघा कशी कात्रीसारखी चालते! सत्यभामाबाई जोगदंडांना हे भाजीवालीनं सांगितलं, तेही मेथीच्या जुडीवर पाणी मारता मारता. बाईंनी जुडी तिथंच टाकली आणि घरातल्या स्लिपरांवरच वस्त्रसंग्रहालयाची वाट धरली.

बाई पोलीस खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघे गेले होते, पण संशय घ्यायची खोड काही गेली नव्हती. संग्रहालय त्यांच्या घरामागच्याच गल्लीत. एका ट्रस्टनं चालवलेली दुमजली इमारत, आत जुनी लुगडी, शेले, हिमरू, किनखाप. येत्या रविवारी तिथं ‘घरातला ठेवा’ भरणार होता. शहरातल्या, खेड्यांतल्या लोकांनी घरातली एखादी जुनी वस्तू आणायची आणि ती त्यांच्या नावानिशी कपाटात मांडायची, असा बेत. बाईंनी आजीचा अडकित्ता दिला होता. तो घेताना शिपाई सांडूनं दोन्ही हात पुढं केले होते, तान्हं लेकरू घ्यावं तसे.

तोच सांडू आता मोठ्या दालनात कुशीवर पडला होता. उंच कपाटाची अख्खी काच निखळून फरशीवर फुटली होती. शिडी आडवी झाली होती. मांडीखालचं रक्त दाराच्या दिशेनं फरफटत गेलं होतं आणि दारापर्यंत न पोचताच थांबलं होतं. खांद्याला झोळा होता. झोळ्यातून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली हिमरूची शाल डोकावत होती.

संग्रहालयाची शान होती ती शाल. काठाला डाळिंबाचा वेल, आणि त्यात एकाच डाळिंबाचं देठ उलटं. कोण जाणे कुठल्या जमान्यातल्या विणकराची चूक! सांडू येईल त्याला ते देठ दाखवायचा आणि म्हणायचा, "माणसाच्या हातचं हाय बघा, म्हणून चुकलंय."

सहायक निरीक्षक सोनिया तुपे एके काळी बाईंच्या हाताखाली शिकलेली. "सरळ केस आहे, मॅडम," ती म्हणाली. "सोमवार, सुट्टी. दुपारी हा एकटाच होता. काच काढली, शाल घेतली, गुंडाळून झोळ्यात टाकली. उतरताना शिडी सरकली आणि हा काचेवर पडला. मांडीची शीर कापली."

"गुंडाळलीय मात्र नीट."

"वीस वर्षं इथंच नोकरी केली त्यानं. येत असणारच."

बाई सांडूच्या पायांकडं बघत होत्या. पाय अनवाणी होते. दालनाच्या दाराबाहेर त्याच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या, रोज कामाला लागताना ठेवायचा तशाच.

"सोनिया, काचा फोडून पळायला निघालेला माणूस चपला काढून ठेवतो का गं?"

"सवय, मॅडम."

"बरं, सवय. पण हा सरपटलाय. म्हणजे लगेच गेला नाही."

सोनियानं मान खाली घातली. "डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जिवंत होता. कुणी नुसतं फडकं दाबून धरलं असतं तरी वाचला असता."

२

सांडूच्या अंत्यविधीला मोजकी माणसं आली. वस्तीतले बाकीचे दारं ओढून घेऊन बसले, जसा काही चोरीचा संसर्ग होतो. दुसऱ्या दिवशी त्याची एकुलती एक लेक रूपा बाईंच्या दारात उभी राहिली.

ती गुलमंडीत राजकुमारशेठच्या कापड दुकानात काम करायची. संग्रहालयाच्या ट्रस्टचे अध्यक्षही हेच राजकुमारशेठ. सांडूच्याच शब्दावर तिला तिथं चिकटवलेलं.

"काढलं मला," ती म्हणाली. "साऱ्या गिऱ्हाइकांम्होरं. म्हणले, चोराची पोरगी गल्ल्याजवळ नको."

"बस आधी. रडू नको."

"रडत नाय मी. रडून झालं." ती बसलीच नाही. "संग्रहालयाच्या दाराजवळ बापाचा फोटू व्हता, साऱ्या कामगारांसंगं काढलेला. तो बी उतरवला. बाई, मी लहान असताना माझ्या डोक्याला तेल लावाय बापाला सवड नसायची. त्या शालीवरची धूळ मात्र रोज फुंकायचा. तो चोरंल व्हय तिला?"

"चोरणार नाही असं तुला वाटतं, मलाही वाटतं. वाटण्याला कोर्टात काडीची किंमत नाही."

"मला कोर्ट नको, नोकरी बी नको. बापाच्या नावावरचा डाग तेवढा काढून द्या. नायतर तोंडावर सांगा, तुजा बाप चोर व्हता. म्हंजी मी गप बसते."

बाईंना गोड बोलणं कधी जमलंच नाही. "जे खरं निघेल ते सांगेन," त्या म्हणाल्या. "पण खरं सोसायला अवघड असतं, पोरी."

"सोसंन मी."

पोरीला काय कल्पना होती, बिचारीला!

३

सांडू सोडला तर संग्रहालयाच्या किल्ल्या तिघांकडंच होत्या. बाईंनी एकेकाला गाठायचं ठरवलं. पहिले राजकुमारशेठ.

शेठ गुलमंडीतल्या दुकानात कापडाचा तागा गुंडाळत बसले होते. प्रेत पहिल्यांदा त्यांनीच पाहिलेलं. "क्या बताऊं बाई, तयारी बघायला गेलो तर हा पसारा! वीस साल का भरोसा, आणि त्यानं असं करावं?" हळहळ तोंडात होती, हात मात्र थांबत नव्हते.

"सुलट बाजू आत घेताय?" बाईंनी विचारलं.

"मग काय बाहेर? धूळ बसंल ना! बापजाद्यांपासून आमचा हाच हात आहे. झोपेत गुंडाळलं तरी सुलट आतच जाणार."

बाईंना दालनातली नळी आठवली. तिच्यावर डाळिंबं बाहेरच्या बाजूनं होती.

दुसरी मोनिका पगारे. कार्यक्रमांचं सगळं बघणारी, जुनी कापडं जतन करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली. सोमवारी दुपारी ती फलक छापून घ्यायला गेली होती, पण छापखान्यात तिच्याकडं कुणी बघत बसलेलं नव्हतं. डोळे सुजलेले होते तिचे.

"शाल तुम्ही लोक उलटी का गुंडाळता?" बाईंनी विचारलं.

"उलटी नाही, आमच्यात तीच रीत. सुलट बाजू बाहेर ठेवली की सुरकुत्या पडल्याच तर आतल्या बाजूला पडतात. सांडूकाकांनाही येत होतं ते." मग ती एकदम म्हणाली, "मॅडम, त्या काचेची कड तडकलेली होती. मी सरांना सांगितलं होतं, काचवाले येईपर्यंत हात लावू नका. सर म्हणाले, पाहुणे यायच्या आत शाल नव्या फळीवर गेली पाहिजे."

सर म्हणजे सुदर्शन अष्टपुत्रे, संग्रहालयाचे अभिरक्षक. कापडातलं त्यांच्यासारखं जाणणारं माणूस साऱ्या मराठवाड्यात नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांनी बायकांची कार्यशाळा घेतली, तेव्हा बाईही गेल्या होत्या. अष्टपुत्र्यांनी कापसाचा बोळा जिभेवर ओला केला आणि एका जुन्या पातळावरचा डाग हलके हलके टिपून दाखवला. "माणसाच्या थुंकीइतकं सौम्य औषध नाही," ते म्हणाले होते. "नळाचं पाणी चुकूनही लावू नका, क्षार असतात." बायका पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसल्या होत्या. मोनिकानं तर तोंडच फिरवलं होतं. तिचं शुद्ध केलेल्या पाण्यावाचून पान हलायचं नाही. त्या पाण्याची बाटली ती स्वतःच्या कपाटात कुलपाआड ठेवायची.

अष्टपुत्रे घरी भेटले. पांढरा कुर्ता, नखं कापलेली, आवाज मऊ.

"शाल वाचली हे नशीब म्हणायचं," ते म्हणाले.

"आणि सांडू?"

"हो, हो. तेही वाईटच झालं." त्यांनी चष्मा पुसला. "मी खुलताबादला गेलो होतो. लक्ष्मीबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्याकडची पानसुपारीची कशिद्याची चंची प्रदर्शनासाठी आणायला. विचारा त्यांना. बरं, पोलिसांनी दालनाला सील लावलंय, शाल तशीच आत आहे. ती उघडू नका म्हणावं. मी स्वतः उघडेन."

"ठेवलीय गुंडाळलेली, तर राहू द्या ना दोन दिवस."

"नाही, लवकर उघडायला हवी," ते पटकन म्हणाले.

गुंडाळून ठेवलेल्या, कोरड्या, धडधाकट शालीची एवढी घाई कशाला पडलीय या माणसाला? बाई जिना उतरता उतरता एका पायरीवर थबकल्या. कोरडी आहे असं आपल्याला सांगितलं कुणी?

४

लक्ष्मीबाई खुलताबादला वेशीच्या आत राहत. ओट्यावर सीताफळांची पाटी घेऊन बसल्या होत्या. बाईंच्या हातात एक फळ ठेवल्याशिवाय त्यांनी बोलायलाच नकार दिला.

"आले व्हते की साहेब सोमवारी. चंची मी कवाची काढून ठिवली व्हती. यायचं जेवणाच्या येळंला ठरलं व्हतं, आले उन्हं कलल्यावर. आन् चंचीकडं ढुंकून बी बगितलं नाय!"

"मग काय केलं?"

"पाणी मागितलं. म्या म्हणलं प्यायला असंल, तर थेट मोरीवर गेले. चूळ भरली, थुकली. परत भरली, परत थुकली. अख्खा तांब्या संपविला, वरून दुसरा मागितला. म्या इचारलं, दातातून रगत यायलंय का वो? तर असे दचकले की तांब्याच पडला हातातनं."

बाई ताडकन उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण तिकडं लक्ष द्यायची ही वेळ नव्हती.

"काय झालं? गोड नाय व्हय फळ?"

"गोड आहे हो, लई गोड आहे," बाई म्हणाल्या आणि ते तसंच पाटीत ठेवून रस्त्याला लागल्या.

५

शनिवारी दुपारी सोनियानं दालनाचं सील काढलं. आत फक्त तिघीच होत्या: सोनिया, बाई आणि शाल उलगडायला मोनिका.

लांब टेबलावर पांढरं कापड अंथरलं. मोनिका नळी फिरवत गेली, शाल मोकळी होत गेली. डाळिंबामागून डाळिंब. कुठं डाग नाही, कुठं चुणी नाही. सोनियानं बाईंकडं पाहिलं. काहीच निघत नाही म्हटल्यावर बाईंचाही धीर सुटत चालला होता.

अगदी शेवटच्या वेढ्यात मोनिकाचे हात थांबले. उलट्या देठाच्या डाळिंबावर टिपकागदाचा एक चौकोनी तुकडा ठेवलेला होता. तिनं चिमट्यानं तो उचलला. कागदावर फिकट गुलाबी डाग होता. खाली शालीवर नीट बघितलं तरच दिसेल अशी पुसटशी कडा.

"हा कागद का ठेवतात?" बाईंनी विचारलं.

"डाग टिपल्यावर जागा ओलसर राहते. तशीच गुंडाळली तर रंग वरच्या वेढ्याला लागतो. म्हणून मध्ये कागद..." मोनिकानं कागद उजेडात धरला. "मॅडम, हे रक्त आहे!"

"आहे. आता शांतपणे सांग. सांडूला जखम झाली, तेव्हा ही शाल गुंडाळलेली होती का?"

"नाही. रक्त आतल्या वेढ्यात आहे. म्हणजे आधी रक्त उडालं, मग कुणीतरी डाग काढला, मग गुंडाळली."

"आणि तेवढा वेळ सांडू?"

मोनिकानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. सोनियानं एक शिवी हासडली. खात्यात राहून शिकलेली, कचकचीत.

"तुझं कपाट उघड," बाई मोनिकाला म्हणाल्या. पाण्याची बाटली आत होती. झाकणावरचं सील जसंच्या तसं होतं. बाईंनी बाटली परत ठेवली आणि बातमी फुटू नये म्हणून त्या दिवशी मोनिकाला स्वतःच्याच घरी मुक्कामाला नेलं. फोन काढून घेतला, पिठलं-भाकरी वाढली. तिनं घास काही घेतला नाही.

६

रविवारी ‘घरातला ठेवा’ दणक्यात भरला. कुणी आजोबांचा फेटा आणला होता, कुणी तांब्याचं घंगाळ, कुणी नऊवारीचा जरीकाठ. राजकुमारशेठ माईकवर वारशाचं महत्त्व सांगत होते. सांडूचं नाव त्यांनी घेतलं नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या रूपाला पहारेकरी आत सोडेना, तेव्हा बाईंनी तिचा हात धरला आणि सरळ मोठ्या दालनात आणलं. तिथं सोनिया आणि बन्सी हवालदार उभे होते. अष्टपुत्रे उलगडलेल्या शालीपाशी पोचलेच होते. बाईंनी सोमवारपासून सुरुवात केली.

"सांडू त्या दिवशी चोरीला आला नव्हता, कामाला आला होता. म्हणून चपला बाहेर होत्या. तडकलेली काच एकट्यानं पेलताना त्याला कापलं, आणि तेव्हा शाल दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. सांडूचं रक्त तिच्यावर उडालं. त्या दुसऱ्यानं डाग टिपला, कागद लावला, शाल गुंडाळली, मग सांडूच्या खांद्याला झोळा अडकवला आणि शिडी आडवी केली. चोर तयार!"

गर्दी दाराशी गोळा झाली. शेठचं भाषण बंद पडलं.

"शेठनी गुंडाळली असती तर डाळिंबं आत गेली असती. राहिले दोघे."

"मोनिकालाही हे सगळं येतं," अष्टपुत्रे शांतपणे म्हणाले.

"येतं. पण तिनं बाटलीतलं पाणी वापरलं असतं, आणि त्या बाटलीचं झाकणही निघालेलं नाही. नळाचं पाणी तुमच्यातला कुणी लावणार नाही. मग राहिलं काय? थुंकी. खुलताबादला दोन तांबे चुळा भरल्या तुम्ही, साहेब. घाईत बोळा बदलायचा राहिला वाटतं, रक्ताचा तोच पुन्हा जिभेवर."

रूपाला आधी कळलं नाही. मग कळलं.

"तर्क आहेत हे," अष्टपुत्रे म्हणाले. पण त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली होती, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

"तर्कच आहेत," बाई म्हणाल्या. "टिपकागद प्रयोगशाळेत गेलाय, काय ते ती सांगेल. तोवर शाल जप्त. बन्सी, चार घड्या घाल आणि भर पाकिटात."

बन्सीनं शालीचं टोक धरलं आणि उचललं.

"घडी घालू नका!"

अख्खं दालन हादरलं. त्या मऊ माणसाच्या गळ्यात एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "उलट्या देठावरून तर मुळीच नको! तिथली वीण ओली झाली होती, दाब पडला की तुटेल!"

बाईंनी बन्सीला हातानं थांबवलं. "कुठं ओली झाली होती, ते आम्हा तिघींशिवाय कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या.

अष्टपुत्रे खुर्चीत बसले. सुटायची धडपड त्यांनी केली नाही. कार्यशाळेत समजावून सांगत तसंच सांगू लागले. "ताजं असतानाच रक्त निघतं. एकदा वाळलं की कायमचं. ही शाल परत कुणी विणू शकणार नाही. मला आधी तेच करावं लागलं. झालं तोवर तो बराच... पण बोलत होता अजून. वाचला असता तर सांगत फिरला असता, की साहेब तेव्हा शाल पुसत बसले होते."

"म्हणून मरायला टाकून गेलात," सोनिया म्हणाली.

रूपा पुढं आली. बाईंनी तिला अडवायला हात केला, तो तिनं बाजूला सारला.

"एवढं मोठ्यानं वरडता येतं व्हय तुम्हाला?" ती म्हणाली. "त्या दिशी येकदा असं वरडला असता तर सारी गल्ली धावत आली असती."

अष्टपुत्र्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांची नजर बन्सीच्या हातातल्या टोकावर होती.

"काय बोलत व्हता माझा बाप?"

"रूपा, राहू दे," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, हे खरं या पोरीला कळू नये.

"नाय. सांगा, साहेब. काय म्हणत व्हता?"

"विचारत होता," अष्टपुत्रे म्हणाले, "शालीला काही लागलं का म्हणून."

दाराशी कुणाच्या तरी हातातलं घंगाळ फरशीवर आपटलं. राजकुमारशेठनं टोपी काढली, पण आता त्या टोपीला कोण विचारतं! रूपा शालीजवळ गेली. डाळिंबाच्या वेलावरून तिनं एक बोट फिरवत नेलं आणि उलट्या देठापाशी आणून ठेवलं. बापानं दाखवलेली जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती.

"काका," ती बन्सीला म्हणाली, "घाला घडी."

बन्सीनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान वळवून कपाटातल्या आजीच्या अडकित्त्याकडं बघितलं. रूपानं ज्या जागी बोट ठेवलं होतं, तिथूनच बन्सीनं शाल दुमडली, वरून तळहात दाबून फिरवला, पुन्हा दुमडली. अष्टपुत्रे कान झाकून ओरडत होते. बाईंनी बन्सीला थांबवलं नाही.